बॉनेट गरम होतं

मी एक जुनी, काळी, धिप्पाड डिझेल गाडी आहे. माझ्यावरून पैज लागली, तेव्हा मी छाती काढून खोटं बोलत उभी होते. तोंडाने नाही हो, मित्रांनो. गाडीला तोंड कुठलं? माझं सगळं खोटं अंगावर होतं. पॉलिशमध्ये, काळ्याभोर टायरमध्ये, आरशाला टांगलेल्या लिंबाच्या वासाच्या डबीत.

रविवारची सकाळ होती, दहा वाजलेले. जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौदा जणी ओळीने उभ्या होतो. फाटकातून तिघं आत आले. तिघंही एकाच मजल्यावरचे शेजारी. पुढे चष्मेवाले, कालपरवापर्यंत चष्म्याच्या दुकानाचे मालक. गाडी त्यांना घ्यायची होती. मागे पोहण्याचे मास्तर, सकाळची बॅच संपवून तलावावरून थेट आलेले, खांद्यावर ओली पिशवी. आणि सगळ्यात मागे, दम खात, एक रिटायर नर्सबाई. त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे.

मास्तरांनी मला डोळे भरून पाहिलं आणि जाहीर करून टाकलं, "हीच घ्या. बाकी मी नुसत्या आवाजावरून सांगतो, गाडी कशी आहे ते."

"गेल्या महिन्यात लिफ्टचा आवाज ऐकून म्हणालास, मोटर ठणठणीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "पाऊण तास अडकलो होतो आपण."

"लिफ्ट वेगळी, गाडी वेगळी. लावता पैज?"

"लाव."

"गाडी चांगली निघाली तर तुम्ही माझ्या तलावात उडी मारायची. चप्पल, पर्स, चष्मा, सगळ्यासकट!"

सिस्टरना पाण्याची भयंकर भीती. पण त्या मागे हटल्या नाहीत. "आणि वाईट निघाली, तर तू या फाटकापासून गाडीपर्यंत पोहत यायचं. टोपी-गॉगल घालून."

"इथे? काँक्रीटवर? पाण्याशिवाय?"

"पाण्यात काय, कुणीही पोहतं."

चष्मेवाले मात्र हसले नाहीत. त्यांच्या खिशात बँकेचा ड्राफ्ट होता आणि हात सारखा त्या खिशाकडे जात होता. दुकान त्यांनी विकलं होतं. डोंगरावरच्या वस्त्यांमधली म्हातारी माणसं डोळे तपासायला खाली उतरू शकत नाहीत, म्हणून आता आपणच मशीन घेऊन वर जायचं, असं त्यांनी आणि त्यांच्या बायकोने ठरवलं होतं. त्यासाठी चढाची, दमदार गाडी हवी. येत्या बुधवारी पहिलं शिबिर. नवरा-बायको दोघंच जाणार. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, असा तो रस्ता.

तो रस्ता मला माहीत होता. म्हणून तर मला लाज वाटत होती. पण ती सांगायची, तर आधी जन्मापासून सांगावं लागेल.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रुबाब काही विचारू नका. सीटला अस्सल चामडं, छताला काच, दार लावलं की बाहेरचं जग गप्प. माझे पहिले मालक मोठे बिल्डर होते. सिग्नलला शेजारच्या छोट्या गाड्या माझ्याकडे वर मान करून बघायच्या आणि मी त्यांच्याकडे बघायचेच नाही. एवढी शिष्ट होते मी. आठ वर्षं मी त्यांना साइटवर, लग्नांना, विमानतळावर नेलं. तेल वेळेवर, धुणं-पुसणं वेळेवर. "आमची राणी," असं ते चारचौघांत म्हणायचे.

मग एका वर्षी बिल्डिंगच्या तळघरात पाणी भरलं. मी तिथेच उभी होते, इंजिन बंद. आधी चाकं, मग सीट, मग आरसे. दोन दिवस मी गढूळ पाण्यात होते. पाणी उतरल्यावर मालक नाकाला रुमाल लावून आले, एक नजर टाकली आणि राणीला विकून टाकलं. शेठला.

शेठने मला धुतली, वाळवली, अत्तर फासलं. मीटरवरचा आकडा निम्म्याने उतरवला. मित्रांनो, सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगू? वय कमी केलेलं मला आवडलं! मी स्वतःवरच खूश झाले. पण आतल्या वायरी कुजायला लागल्या होत्या, इंजिनच्या पोटात गंज धरला होता. पहाटेच्या गारव्यात मला चालू केलं की खोकल्याची उबळ यायची, निळा धूर निघायचा. म्हणून शेठ रोज गिऱ्हाईक यायच्या आधी मला अर्धा तास चालू ठेवायचे. गरम झाले की मी लोण्यासारखी चालायचे. हीच आमची दोघांची लबाडी.

त्या लबाडीत आधी एक मधमाश्या पाळणारे फसले. त्यांना डोंगरावरून मधाची पिंपं आणायची होती. चौथ्याच खेपेला, उतारावरच्या वळणावर माझे सगळे दिवे, सगळे काटे एकदम विझले. इंजिन बंद. स्टीअरिंग दगडासारखं. ब्रेक दाबता दाबेना. शेजारी त्यांची बायको. त्यांनी मला डोंगराच्या बाजूला घासत घासत कशीबशी थांबवली. दोघं खाली उतरले, रस्त्यावरच बसले. मग ते उठले, माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "तुझी काय चूक गं!"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती थाप अजून जळते मला.

त्यांनी मला मिळेल त्या भावात शेठला परत केलं. शेठने घासलेली बाजू रंगवली आणि मी पुन्हा ओळीत उभी राहिले.

तर त्या रविवारी चष्मेवाले मला न्यायला आले होते. त्याच रस्त्यावर. शेजारी बायको.

शेठने किल्ली फिरवली. मी गुमान सुरू झाले, गोड आवाजात. मास्तरांनी डोळे मिटले, डावा कान माझ्या बॉनेटला लावला आणि डॉक्टरसारखं "हं... हं..." करत राहिले. मग सरळ झाले. "लोणी! नुसतं लोणी! सिस्टर, पोहायचा पोशाख शिवायला टाका."

सिस्टर त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "तुझा कान का लाल झालाय रे?"

"कुठे?"

"डावाच झालाय. उजवा नाही." त्यांनी पुढे येऊन माझ्या कपाळावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. तीस वर्षं वॉर्डात काढलेला हात तो. मला धडकीच भरली. "ही आधीच गरम आहे. आम्ही यायच्या आधी चालू केली होती?"

"उन्हाने हो, ताई," शेठ म्हणाले.

सिस्टरनी वर बघितलं. डोक्यावर पत्रा. "ऊन कुठून येतं इथे? ऑर्डर देऊन मागवता?"

चष्मेवाले पुढे आले. "म्हणजे काय, सिस्टर?"

"म्हणजे पेशंटला आधीच गोळी देऊन आणलंय. गोळीचा असर उतरू दे, मग तपासू." त्यांनी गाडी बंद केली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर ठाण मांडलं.

शेठने सगळं करून बघितलं. चहा मागवला. दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणाले. गाडी जरा बाजूला घ्यायचीय म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, "घ्या ना. ढकला. मी बसते आत." साडेतीन तास त्या हलल्या नाहीत. मास्तर येरझाऱ्या घालत होते. चष्मेवाले घरून आणलेला जेवणाचा डबा न उघडता नुसता मांडीवर घेऊन बसले होते. आणि मी हळूहळू गार होत होते. इतकी भीती मला त्या तळघरातल्या पाण्यातही वाटली नव्हती.

दीड वाजता सिस्टरनी किल्ली फिरवली.

मी मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. तेवढी हिंमत माझ्यात कधीच नव्हती. पण आवरायचा प्रयत्नही केला नाही, हे खरं. मी खोकले. थरथरले. बंद पडले. दुसऱ्यांदा फिरवल्यावर खडखडत सुरू झाले आणि मागे एवढा निळा धूर सोडला की पलीकडची पांढरी गाडी दिसेनाशी झाली.

"डिझेल आहे, साहेब," शेठ घाईने म्हणाले. "थोडा धूर यायचाच."

"बघा!" मास्तरांनी तेवढाच आधार धरला. "डिझेलला धूर असतोच. पैज अजून संपलेली नाही."

चष्मेवाल्यांनी एकदा धुराकडे पाहिलं, एकदा खिशाकडे. "परवा शब्द दिलाय त्या वस्तीला," ते हळूच म्हणाले. "बुधवारी येतो म्हणून. एक आजी तर चार वर्षांपासून सुईत दोरा ओवू शकलेली नाही." त्यांना मी हवी होते. धुरासकट हवी होते. गरजू माणसाला फसवायला फार अक्कल लागत नाही, मित्रांनो. अर्धं काम तो स्वतःच करतो.

सिस्टरनी मग माझ्या सीटचा पट्टा हातात घेतला आणि ओढायला लागल्या.

"तो चालतोय ना," शेठ म्हणाले.

"बँडेजचा रोल शेवटपर्यंत उलगडून बघितल्याशिवाय मी कधी बांधला नाही."

पट्टा येत राहिला. हातभर, दोन हात. शेठने धुतला होता तो दिसेल तेवढाच. शेवटची टीचभर पट्टी बाहेर आली आणि तिच्यावर तपकिरी, वाळलेली, सरळ रेघ.

"चहा सांडलाय कुणीतरी," शेठ म्हणाले.

सिस्टर घोटाळल्या. डाग त्यांना दिसत होता, पण कशाचा ते कळत नव्हतं. "मास्तर, तुझं नाक बरं आहे. वास घे जरा."

मास्तर वाकले. पट्टा नाकाशी नेला. आणि त्यांचा चेहरा उतरला. दरवर्षी तलाव रिकामा करून तळाचा गाळ ते स्वतः उपसतात. तो वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता.

आता बघा, मित्रांनो. तो वास फक्त त्यांनाच कळला होता. "चहाच आहे" म्हटलं असतं तर पैज त्यांची, सिस्टर तलावात आणि चष्मेवाले डोंगरावर. मी श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होते. मी वर्षानुवर्षं हेच तर करत आले होते. माहीत असून गप्प राहायचं.

मास्तरांनी पट्टा सोडला. तो सर्रकन आत गेला.

"गाळ आहे," ते म्हणाले. "ही पाण्यात बुडालेली आहे. गळ्यापर्यंत." मग चष्मेवाल्यांकडे वळून, "नका घेऊ. वळणावर दगा देईल. मी चुकलो."

शेठ काहीतरी बोलले, पण त्यात जोर नव्हता. चष्मेवाल्यांनी खिशावर हात दाबला आणि खूप वेळाने पोटभर श्वास घेतला. "बुधवारी एसटीने जाऊ," ते म्हणाले. "मशीन मांडीवर धरून. आजी थांबलीय."

मित्रांनो, जुनी गाडी घ्यायला गेलात तर गार असताना जा. बॉनेटवर हात ठेवा. पट्टा शेवटपर्यंत ओढा. ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा आणि मग मीटरचा आकडा वाचा. आणि तुमच्या घरी गाडी असेल तर तिला पाण्यात सोडून जाऊ नका. कधी बुडालीच, तर विकताना खरं सांगा. आमची हौस नसते हो फसवायची. आम्हाला गप्प ठेवलं जातं आणि मग त्या गप्प राहण्याची सवय लागते.

"मास्तर," सिस्टर सीटवरून उतरत म्हणाल्या, "असू दे पैज. गंमत होती."

"नाही. हरलो म्हणजे हरलो."

त्यांनी ओल्या पिशवीतून टोपी काढली, गॉगल काढला आणि फाटकापाशी जाऊन आडवे झाले. शेडमधली गिऱ्हाइकं थांबली. चहाच्या टपरीवरची माणसं फाटकात जमली. बसच्या थांब्यावरून कुणीतरी ओरडलं, "पाणी कुठाय हो?" मास्तर म्हणाले, "तुमच्यासाठी ठेवलंय!" आणि निघाले. हात पुढे, हात मागे, पाय बेडकासारखे. शर्टाचं बटण तुटलं. एका कोपरातून रक्त आलं. सिस्टर आधी शिट्टी वाजवत होत्या, मग हसून हसून माझ्याच दाराला टेकल्या. चष्मेवालेही हसले, दिवसभरात पहिल्यांदा.

चौदा गाड्यांसमोर सरपटत मास्तर माझ्यापर्यंत आले. तलावाच्या भिंतीला लावतात तसा माझ्या चाकाला हात लावला, गॉगल कपाळावर सरकवला आणि धापा टाकत माझ्याकडे बघून म्हणाले, "तुलाही कुणीतरी पोहायला शिकवायला हवं होतं गं."

सगळे पुन्हा हसले. माझ्या डाव्या दिव्याच्या काचेआड तळघरातलं थोडं पाणी अजून वाफेसारखं अडकलेलं आहे. शेठने कितीदा पुसलं, पण ते आतून आहे. त्यातला एक थेंब सगळ्यांदेखत खाली ओघळला. या वेळी तो कुणी लपवला नाही.