हार घातलेलं इंजिन

मी एक जुनी, काळी, उंच दांडीची सायकल आहे. घोलवडमध्ये मला 'इंजिन' म्हणतात. मित्रांनो, माझ्यात इंजिन वगैरे काही नाही. दोन चाकं, एक साखळी, मागे लोखंडी कॅरिअर आणि हँडलवर एक घंटी. एवढंच.

कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते डहाणूचं दुकान आणि तिथून मला घरी आणणारा भिका. त्याने माझ्यावरून वर्षानुवर्षं गवताचे भारे वाहिले. पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी त्याच्या बायकोच्या, नवशीच्या हाती आले. नवशी वखारीत चिकू निवडून खोक्यांत भरायची. माझ्या दांडीवरून पाय टाकायला ती चाळिशी उलटल्यावर शिकली. लोक आधी हसले, मग सवय झाली.

दोन हजार चौदाच्या थंडीत ती दर रविवारी मला घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने नरपडपर्यंत जाऊ लागली. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. मला वाटतं, तिला ते आवडत होतं. थोड्याच दिवसांत वखारीतला हमाल पांड्या सोबत आला. मग त्याचे मित्र आले, शाळेतल्या मुली आल्या, गिअरच्या सायकली घेऊन बागायतदारांची पोरंही आली.

ती पोरं भुर्रकन पुढे जायची आणि म्हातारी माणसं मागे पडायची. तेव्हा पांड्यानेच नियम केला. सगळ्यांत हळू चालणारी सायकल सगळ्यांत पुढे आणि तिला कोणी ओलांडायचं नाही. सगळ्यांत हळू होते मी.

"इंजिन हळू, तर गाडी हळू," पांड्या म्हणाला. "आपण सगळे डबे."

"मालगाडीचे!" नवशी म्हणाली.

मला ते नाव तिथे पडलं. नवशी माझी घंटी दोनदा वाजवायची, पांड्या "गाडी सुटली!" ओरडायचा आणि आम्ही निघायचो. वाटेत चिखल्याला नवशीची लेक बारकी दिलेली होती. ती दारात पाण्याची कळशी घेऊन उभी असायची. आईला सगळ्यांच्या पुढे येताना बघून सासूला हाक मारायची, "आत्याबाई, इंजिन आलं!"

दोन हजार अठरा साली या फेरीचा वार्षिक कार्यक्रम करायला समिती झाली. बागायतदार सुनिलशेठ अध्यक्ष झाले. कमान, टी-शर्ट, छातीवर नंबर, सगळं ठरलं. कार्यक्रमाचं नावही माझ्यावरूनच ठेवलं. मुंबईहून माणसं येणार होती. नवशीने बारकीला निरोप धाडला, "सासूला खुर्ची टाकून बसव. या वेळी बँड आहे."

आदल्या संध्याकाळी सुनिलशेठ आले. "मावशी, इंजिन आजची रात्र आमच्याकडे द्या. सजवून ठेवतो."

नवशीला वाटलं, दसऱ्याला गाड्या सजवतात तसं असेल. झेंडूची माळ लावतील, पुसून देतील. तिने माझ्या साखळीला तेल घातलं आणि मला दिलं.

त्यांनी मला सोनेरी रंग दिला. चाकांना, साखळीला, घंटीलासुद्धा. मग स्टेजवर उभं करून हार घातला. असा हार आजवर मी फक्त भिंतीवरच्या फोटोंना पाहिला होता.

सकाळी नवशी नवीन टी-शर्ट घालून आली. मला बघून थांबली.

"शेठ, हार काढा. मला पुढे निघायचंय."

"अहो मावशी, आता ती चालवायची नाही. ती आपला मान आहे. तुम्ही पाहुण्यांत बसा."

"चिखल्याला पोरगी उभी आहे."

"पुढच्या वर्षी बघू. तुमचा सत्कार आहे ना!"

नवशी खुर्चीत बसली. शाल आणि नारळ मांडीवर घेऊन बसली. सुनिलशेठनी झेंडा दाखवला. गिअरच्या सायकली आधी निघाल्या, म्हातारी माणसं मागून. पांड्या सगळ्यांत शेवटी होता. त्याने एकदा वळून पाहिलं. ओरडला नाही.

दुपारी बारकी आली. "आये, आम्ही शेवटच्या सायकलीपर्यंत थांबलो. तू कुठं होतीस?"

"इथंच होते," नवशी म्हणाली.

मला वाईट वाटलं का? मला सांगता येत नाही. रंगाच्या आतून फारसं काही कळत नाही.

आता दोन हजार एकोणीस साल आहे. समितीच्या कार्यालयाच्या दाराशी मी उभी असते. यंदाही मला स्टेजवर नेलं, नवा हार घातला. यंदा नवशीला बोलवायचं राहून गेलं. साखळी रंगाने चिकटली आहे, टायरमधली हवा गेली आहे. येणारे-जाणारे माझ्याबरोबर फोटो काढतात.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी सायकल असेल, तर तिला हार घालू नका. तेल घाला. आणि तिच्यावर बसा.

नवशी आता वखारीत चालत जाते. जाताना माझ्यापाशी थांबते आणि अंगठ्याने घंटी दाबते. एकदा, मग पुन्हा एकदा. घंटी वाजत नाही. नवशी स्वतःशीच पुटपुटते, "सुटली," आणि चालू लागते.