डाव्या कानातला वारा

विदरस्टोनच्या माळावर महायुद्धात कोसळलेल्या विमानाचं इंजिन अजून पडलेलं आहे. पीटच्या, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या काळ्या मातीत अर्धं रुतलेलं, वरून तांबूस गंज चढलेला. भोवती पंखांचे पत्रे विखुरलेत. गावातलं कुणी त्यातला खिळासुद्धा घरी नेत नाही. उलट वाऱ्यापावसानं दूर गेलेला एखादा तुकडा दिसला, तर तो उचलून पुन्हा राशीवर ठेवतात.

नोव्हेंबरातल्या, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या रविवारी क्लिफकाका दर वर्षी तिथं चढून जायचे. सोबत ब्रायोनीचे वडील असायचे. यंदा वडिलांचा गुडघा रुसला, म्हणून ती आली. भूशास्त्राची पदवी घेऊन ती नुकतीच घरी परतली होती. नकाशा आणि होकायंत्र आपल्याला काकांपेक्षा बरं वाचता येतं, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"तुझी पॉपी कुठाय?" इंजिनाजवळ पोचताच काकांनी विचारलं.

तिनं जॅकेटकडे पाहिलं. स्मृतिदिनाला सगळे लावतात ते कागदाचं लाल फूल वाटेत कुठंतरी वाऱ्यानं पळवलं होतं. "उडाली वाटतं."

"वाटतं काय! पाच पोरं इथं गेली आणि ही बाई त्यांच्यासमोर फुलाशिवाय उभी राहणार. तुझ्या डोरीनकाकूला कळलं तर मला आज जेवण मिळायचं नाही."

काकांनी आपल्या लोकरी टोपीवरची धातूची पॉपी काढली, मागची चकती तिच्या जॅकेटच्या आत सरकवली आणि फूल बाहेरून लावलं. ते खट्कन बसलं. "टाचणी नाही हिला. या तुझ्या महागड्या जॅकेटला भोक पडलं असतं तर आयुष्यभर ऐकवलं असतंस."

"आणि तुम्ही फुलाशिवाय?"

"मी म्हातारा. मला सगळं माफ आहे."

मग टोपी हातात घेऊन त्यांनी नावं म्हटली. हॅलम, टर्विल, प्रॉक्टर, डेझ्ली, मॅकइनिस. कागद त्यांना कधीच लागत नसे. दोघं गप्प उभी राहिली. पत्र्यांतून वारा शीळ घालत होता.

"कसं झालं हो नक्की?" तिनं नंतर विचारलं.

"विमानात काही बिघाड नव्हता. ढगात होते, इतकंच. डोंगर मागे पडला असं त्यांना वाटलं, म्हणून खाली उतरले." काकांनी टोपी कानांवर ओढली. "डोंगर मागे पडला नव्हता."

तेवढ्यात समोरचं टेकाड दिसेनासं झालं. मग जवळची दगडांची रास गेली. ढग असा चालत आला आणि माळावर बसला. पाच पावलांपलीकडे पांढरं, पायाखाली काळं, बाकी काही नाही.

ब्रायोनी घाबरली नाही. धुक्यात पायांचं ऐकायचं नाही, सुईचं ऐकायचं, हे ओव्हरक्लो गावातल्या पोरांना चालायला लागल्यापासून सांगतात. पायांना वाटतं आपण सरळ चाललोय, आणि ते माणसाला गोल फिरवतात. तिनं नकाशा पाहिला. सरळ पश्चिमेला गेलं की दगडी कुंपण, आणि कुंपणाच्या कडेनं खाली शेतघर. उत्तरेला रेव्हन्सचा कडा, तिकडे मात्र चुकूनही जायचं नाही. इंजिनातल्या लोखंडानं सुई बहकू शकते म्हणून ती आधी तिथून चांगली लांब आली. मग एका खडकावर होकायंत्र ठेवून दिशा लावली आणि चालू लागली. वारा तोंडावर डावीकडून येत होता, डाव्या डोळ्यात पाणी आणत होता.

"विद्यापीठात धुकं शिकवतात का गं?" मागून काका.

"शिकवतात. शेवटच्या वर्षाला."

"मग ठीकच आहे."

माळाला जागोजागी पीटच्या घळी होत्या, माणसाच्या उंचीच्या, निसरड्या. प्रत्येक घळीत उतरायचं, चढायचं, पुन्हा, शिकवलं होतं तसं, होकायंत्र छातीशी धरून दिशा घ्यायची. तिसऱ्या की चौथ्या घळीत मागे धप्प असा आवाज झाला. ती वळली तर काका कमरेपर्यंत चिखलात होते आणि दोन्ही हातांनी गवत धरून हसायचा प्रयत्न करत होते.

तिनं त्यांना ओढून काढलं. पँट, बूट, खिशातला फोन, सगळं काळ्या बर्फगार पाण्यानं निथळत होतं. फोन गेला होता. तिचा स्वतःचा फोन सकाळपासून फोटो काढून काढून आणि थंडीनं केव्हाच मेला होता. तिनं आपला जादा स्वेटर काकांच्या अंगात घातला, मोजे बदलले, थर्मासमधला गोड चहा पाजला, पार्किनचा, आल्याच्या केकचा, तुकडा तोंडात कोंबला.

"डोरीनचा पार्किन," काका म्हणाले. दात इतके वाजत होते की शब्द तुटत होते. "आलं... कमी घातलंय. सां... सांगू नको हं."

ते थडथड कापत होते. कापतायत ते चांगलं, तिनं स्वतःला बजावलं. कापणं म्हणजे शरीर अजून भांडतंय. भांडणं थांबलं की खरी भीती. थांबून वाट पाहावी का? डोरीनकाकू अंधार पडल्यावर कुणाला तरी कळवणार, मग माणसं निघणार, मग या दुधासारख्या धुक्यात शोधणार. ओल्या कपड्यांत अडुसष्ट वर्षांचं शरीर तेवढा वेळ टिकायचं नाही. चालायलाच हवं होतं, आणि चुकायला नको होतं.

ती चालत राहिली. सुई लाल रेषेत, पावलं सुईमागे. तरी काहीतरी खटकत होतं. बराच वेळ तिला ते काय ते कळेना. मग कळलं. डाव्या डोळ्यात येणारा वारा आता जॅकेटची टोपी भेदून थेट डाव्या कानात शिरत होता.

"काका, वारा फिरला का?"

तिनं वळून पाहिलं तर काका होते, दोन पावलांवर, जमिनीकडे बघत उभे.

"काका!"

"हां. वारा... फिरत असेल. सुईचं ऐक."

सुई काय म्हणत होती? सुई म्हणत होती, हीच पश्चिम. वारा फिरतोच. आणि पायांना काय, काहीही वाटतं. त्या पाच जणांनाही वाटलं होतं. ब्रायोनी पुढे निघाली. मागून येणारा पावलांचा फचफच आवाज मध्येच थांबे, मग दोन माणसं चालत असावीत तसा दुहेरी येई. ती मुद्दाम वळून पाहत नव्हती.

"काका, नावं म्हणा. मोठ्यानं. मला ऐकू येऊ द्या."

"हॅलम. टर्विल. प्रॉक्टर..." पावलं. पुन्हा पावलं. "हॅलम..."

"डेझ्ली, काका."

"कोण डेझ्ली?"

ती गर्रकन वळली. काका कापायचे थांबले होते. चेहरा मेणासारखा, आणि बोटं जॅकेटची चेन खाली ओढत होती. "उकडतंय गं," ते शांतपणे म्हणाले. "तू चल पुढे. मी जरा बसतो."

"बसायचं नाही!" तिनं चेन वर ओढली, त्यांचा हात धरला आणि त्यांना जवळजवळ फरफटत पुढे नेलं. एक पाऊल, दोन, आणि तिसऱ्याला तिचा बूट जिथं टेकायला हवा होता तिथं काहीच नव्हतं.

ती मागे बसली, काकांना घेऊनच. बुटानं उडवलेला दगड गेला. ती ऐकत राहिली. खाली पडल्याचा आवाज इतक्या उशिरा आला की तोवर तिला वाटलं होतं तो येणारच नाही.

रेव्हन्सचा कडा. उत्तरेचा. सुईनं तिला पश्चिम म्हणून उत्तरेला आणलं होतं.

वाऱ्यात नकाशा धरवेना. तिनं तो गुडघ्यापुढच्या खडकावर पसरला, होकायंत्र वर ठेवलं आणि वाकली. सुई डोलली, स्थिरावली. तिनं होकायंत्र उचलून छातीशी आणलं. सुई एखाद्या दिवाभीतासारखी मान वळवून भलतीकडे बघू लागली. खडकावर ठेवलं, परतली. छातीशी आणलं, वळली.

क्षणभर तिला इंजिनाजवळची ती पाच नावं आठवली. कोणीतरी आपल्याला त्यांच्या वाटेनं नेतंय, असं काहीतरी. मग तिनं दातांत ओठ धरून स्वतःला दटावलं, एकेक गोष्ट बाजूला करून बघ. मेलेला फोन काढून मागे ठेवला. सुई तशीच वळलेली. गळ्यातली शिट्टी काढून ठेवली. तशीच. उरलं काय? तिनं मान खाली घातली. जॅकेटवर, होकायंत्राच्या अगदी वर, लाल फूल.

टाचणी नाही हिला. मग ती चिकटते कशानं? हा प्रश्न तिला, पदवीधर बाईला, इतका वेळ पडला नव्हता. शंभर पावलांवरच्या लोखंडापासून ती जपून लांब गेली, आणि चुंबक छातीवर मिरवत आली.

तिनं पॉपी ओरबाडून काढली. सुई सुटका झाल्यासारखी सरळ झाली. कड्यावरून ते फूल फेकून द्यावं असं वाटलं, पण हात उठेना. तिनं ते काकांच्या पाठपिशवीच्या मागच्या कप्प्यात कोंबलं आणि त्यांची बोटं आपल्या पाठपिशवीच्या पट्ट्यात अडकवली.

"हे सोडायचं नाही. सोडलंत तर मी डोरीनकाकूला सांगीन, तुम्ही आलं कमी म्हणालात ते."

मागून पट्टा घट्ट ओढला गेला.

आधी कड्यापासून दूर. मग पश्चिम. होकायंत्र आता तिनं हात लांब करून धरलं होतं. सुईवरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि दुसरं विश्वास ठेवायला काही नव्हतं. म्हणून ती दोघांचं ऐकत चालली. सुई एक सांगे, आणि वारा डाव्या डोळ्यात आला की ती म्हणे, बरोबर. प्रत्येक घळीतून ती काकांना खांद्यानं वर ढकले. पट्टा सैल पडला की "नावं, काका!" ती ओरडे. मागून कधी हॅलम येई, कधी नुसता श्वास. उजेड करडा होत चालला होता. कुंपण येत नव्हतं. आपण पुन्हा चुकलो असू तर, हा विचार तिनं मनात पुरा होऊच दिला नाही.

मग तिचा पसरलेला हात दगडावर आपटला. ओला, शेवाळलेला, माणसानं रचलेला दगड. वर दुसरा, त्यावर तिसरा.

कुंपणाला हात लावूनच ती खाली उतरली, आंधळ्यासारखी, एका हातानं भिंत आणि दुसऱ्या हातानं काका. वारा भिंतीपलीकडे राहिला. खाली कुठंतरी कुत्रं भुंकलं, आणि धुक्यात एक पिवळा डाग दिसला, शेतघराची खिडकी.

तेव्हा मागून बारीक टकटक ऐकू आली. तिला कळेना कसला आवाज. तिनं वळून पाहिलं. काकांचा जबडा हलत होता. दात वाजत होते. खांदे, हात, गुडघे, अख्खे काका पुन्हा थडथड कापत होते.

"म... मॅकइनिस," ते म्हणाले. "आणि डे... डेझ्ली. विसरलो नव्हतो. थं... थंडी वाजतेय गं, मेली."

"वाजू दे," ब्रायोनी म्हणाली, आणि त्यांच्या ओल्या टोपीवर कपाळ टेकून रडायला लागली. "वाजू दे, काका. अजून वाजू दे."