साहेबाचं बी

मी पुंजाजी, वाशीमच्या डाक बंगल्याचा माळी. माणसावर भरवसा ठेवायचा नाही हे मी बापाकडून शिकलो, आणि हराळी दिसली की मुळासकट उपटायची, हेही त्याच्याकडूनच. हराळी शिरली की वावर गेलंच म्हणून समजा.

त्या साली होळी झाल्यावर ओव्हरसियर मारोतराव एक पिशवी घेऊन आले. "सायबानं बी धाडलं. बंगल्याम्होरं गवत पायजे. महिन्यानं मडमले घेऊन येऊन राह्यले. गवत नाई उगवलं, त तुयी नोकरी गेली म्हून समज."

बी खसखशीपेक्षा बारीक. मी माती भुसभुशीत केली, बी फेकलं, सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घातलं. दहा-बारा दिवसांनी कोंब आले. वाकून पाहतो, तर हराळी! साहेबाचं गवत कसं रुंद पातीचं, विलायती असणार. ही आपल्या वावरातली बला इथं कुठून आली? सगळी उपटली आणि खानसाम्याच्या मोरीमागं फेकली. चार दिवसांनी पुन्हा हराळी. पुन्हा उपटली. साहेबाचं गवत मात्र काडीभरही वर येईना.

कुठंतरी पाणी मुरत होतं. खानसामा रहीम सहा कोंबड्या पाळायचा. एकदा त्यातली एक वाफ्यात पाय मारताना दिसली, आणि मला चोर सापडला. त्या दिवसापासून मी त्याच्यावर डोळा ठेवला. तो हसला तरी वाटायचं, मलाच हसतो.

एकदा तो चहा घेऊन आला. "पुंजाजीभाऊ, रोज कायले उपटता? जे उगवून राह्यलं ते राहू द्या ना. हिरवं तर हाय."

माझी खात्रीच पटली. बी कोंबड्यांच्या पोटात, आणि हा म्हणतो तण राहू द्या!

"कोंबडं झाकलं म्हून उजाडाचं राह्यते का रे?" मी म्हटलं. चहा मी घेतला नाही.

मारोतरावांना जाऊन सांगितलं, "बी कोंबड्यायनं खाल्लं. म्या सोता पाह्यलं." पाहिली होती एकच कोंबडी, तीही एकदाच. पण मारोतरावांनाही हे कुणाच्या तरी माथी मारायचंच होतं. त्यांनी रहीमला काढून टाकलं. त्याच्या बायकोनं, सरवरीनं, कोंबड्या टोपलीत घातल्या आणि दोघं बैलगाडीनं रिसोडला तिच्या माहेरी निघाली. जाताना रहीमनं मला सलाम केला. त्यातही मला काळंबेरं दिसलं.

साहेब आले तेव्हा बंगल्यापुढं नुसती माती. त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात बंगल्यामागून मडमेची हाक आली.

आम्ही गेलो. मी फेकलेल्या हराळीनं मोरीच्या पाण्यावर मूळ धरलं होतं. दाट, हिरवीगार. मडम बूट काढून तिच्यावर उभी होती. साहेब खूष होऊन बोलले. मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"सायेब म्हन्तात, बी चांगलं उगवलं. पन इथं काहून पेरलं?"

"अवं, हे त हराळी हाय!"

"सायबानं हेच बी धाडलं व्हतं, पुंजाजी."

साहेबांनी इकडंतिकडं पाहून काहीतरी विचारलं. त्यातलं 'रहीम' तेवढं मला कळलं.

मी पुढं झालो. "सायेब, कोंबड्यायनं नाई खाल्लं. म्याच उपटून फेकलं. रहीमची नोकरी म्याच घालवली."

मारोतरावांनी ते इंग्रजीत सांगितलं. काय सांगितलं देव जाणे, कारण साहेब हसले आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "सायेब शाबासकी देऊन राह्यले तुले," मारोतराव म्हणाले. "आता गप राह्य." रहीमचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

लाजेनं माझी मान वर होईना. जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. त्या दिवशी वाटलं, एकदा तरी कुणी माझ्यावर घ्यावा.