आईच्या नावाची डबी

बारावीच्या प्रिलिमला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये मला तीसपैकी नऊ मार्क मिळाले होते, आणि ते देणारे माझे सख्खे वडील होते. ही गोष्ट मी त्यांना पंचवीस वर्षं ऐकवत आले आहे. माझा स्वभावच तसा आहे, मी काही विसरत नाही आणि दुसऱ्यालाही विसरू देत नाही.

वडील कराडच्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायचे. राजाभाऊ सर म्हटलं की पोरांना घाम फुटायचा. थिअरीत ते तसे सगळ्यांसारखेच होते, त्यांचा खरा जीव प्रॅक्टिकलमध्ये. एक पांढरी पूड द्यायची आणि ती कशाची आहे ते पोरांनी शोधून काढायचं. पाण्यात विरघळते का बघा, ॲसिड घालून फसफसते का बघा, मग एकेक द्रावण घालत साका बसतो का आणि बसला तर कुठल्या रंगाचा, ते बघा. मला त्या दिवशी मिळणारं सॉल्ट शिशाचं आहे, हे आदल्या संध्याकाळी त्यांच्या टेबलावरच्या चिठ्ठीवरून मला कळलं होतं. मग कोण कष्ट घेतंय? ‘पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर पिवळा साका’ असं जर्नलमध्ये लिहून मी मोकळी झाले.

बाबा माझ्या टेबलाशी आले. जर्नलकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, स्टँडमधल्या टेस्ट ट्यूब उचलून उजेडात धरल्या.

“कोरड्या आहेत,” म्हणाले.

“उत्तर बरोबर आहे ना?”

“उत्तर कोण विचारतंय? डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, कौमुदी.”

नऊ मार्क. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण पातेलं आपटून.

आता मी जर्मनीत लुडविग्सहाफेनमध्ये पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. पाण्यात क्लोराइड किती, नायट्रेट किती, फॉस्फेट किती, हे मशीनच सांगतं. टेस्ट ट्यूब शिकाऊ मुलांच्या कपाटात पडून असतात. नवरा रुपेश नदीपलीकडे मानहाइमला सॉफ्टवेअरमध्ये आहे, मुलगी अन्वी चौदा वर्षांची आहे, आणि आईचं मे महिन्याचं तिकीट आम्ही काढून ठेवलं होतं. आई प्रत्येक फोनवर विचारायची, “ती तुमची नदी थंडीत गोठते का गं?” र्‍हाइन गोठत नाही, असं मी दर वेळी सांगायचे, आणि पुढच्या फोनवर ती पुन्हा विचारायची. मार्चमध्ये ती गेली. मी चौथ्या दिवशी पोहोचले. तोवर सगळं आटोपलं होतं. मला तिचं काहीच बघायला मिळालं नाही.

बाबा ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे आले ते ताप घेऊनच. विमानातून उतरले, दोन घास भात खाल्ला आणि पांघरूण घेऊन पडले ते आठवडाभर उठलेच नाहीत. मी त्यांना फोनवर रांगोळी आणायला सांगितलं होतं. “आईच्या डबीत घालून आणतो,” असं ते म्हणाले होते. आईकडे स्टीलच्या दोन सारख्या डब्या होत्या, लग्नात मिळालेल्या, झाकणावर ‘सौ. प्रभा’ असं नाव कोरलेल्या. त्यातली एक मला नरकचतुर्दशीच्या सकाळी बाल्कनीत दिसली, वाळून गेलेल्या जिरेनियमच्या कुंडीमागे. आई कराडलाही रांगोळी गॅलरीतच ठेवायची, घरात सांडते म्हणून. म्हातारा बायकोची सवय मोडत नाही, असं मनात म्हणून मला हसू आलं. मी ती डबी उचलली.

दाराबाहेर, जिन्याच्या फरशीवर मी आईची रांगोळी काढली. अकरा ते सहा ठिपक्यांची. पूड करडी होती आणि जाडीभरडी. चिमटीतून सुटेना, रेघ जाड पडत होती, त्यामुळे संपलीही भराभर. “कराडच्या रांगोळीतही आता भेसळ करायला लागले,” मी रुपेशला म्हणाले. हे माझे शब्द आहेत, शब्दशः. वर थोडं हळदकुंकू टाकलं. अन्वीने फोटो काढला.

जिना धुवायची पाळी त्या आठवड्यात समोरच्या फ्राऊ क्रेमर यांची होती. त्या चांगल्या बाई आहेत. “फार सुंदर आहे,” म्हणाल्या, “पण शनिवारी मला पुसायचंय.” मी कशाला कोणाचे उपकार घेतेय? शुक्रवारी मीच झाडू घेतला, सगळं सुपलीत भरलं, खाली जाऊन काळ्या डब्यात टाकलं, मग ओल्या फडक्याने फरशी पुसली. कचऱ्याची गाडी सोमवारी येऊन गेली.

मंगळवारी बाबा पहिल्यांदा टेबलाशी येऊन बसले. चहा घेतला. चेहऱ्यावर जरा तरतरी होती.

“कौमू, सोळा तारखेला तुझ्या आईचा वाढदिवस,” ते म्हणाले. “तोवर सांगणार नव्हतो, पण आता राहवत नाही. तिला बरोबर आणलंय. सगळ्या अस्थी कृष्णेत सोडल्या नाहीत, मूठभर ठेवल्या होत्या. तिला तुमची नदी बघायची होती ना.”

मला काही समजेना. “कुठे आहेत?”

“अस्थी घरात ठेवत नाहीत. तिकडे झाडाला बांधल्या असत्या. इथे झाड कुठलं, म्हणून बाल्कनीत ठेवल्यात, कुंडीमागे. रांगोळीची डबी माझ्या बॅगेतच राहिली बघ, द्यायची.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “एअरपोर्टवर कुणाला हाडं ओळखू येऊ नयेत म्हणून खलात बारीक केली. दोन दुपारी लागल्या. फार बारीक करवेनात.”

मी उठून बाल्कनीत गेले. डबी मीच परत तिथे नेऊन ठेवली होती, रिकामी झाली तरी. तळाच्या कडेला चिमूटभर पूड होती.

त्या क्षणी माझ्या मनात आलं ते सांगते, आणि त्याची लाज वाटत नाही. मला वाटलं, बाबांचीच चूक झाली असेल. डब्या सारख्या, नाव सारखं, माणूस तापात. त्यांनी रांगोळी बाल्कनीत ठेवली असेल आणि आई अजून बॅगेत असेल. मी त्यांची बॅग उघडली. दुसरी डबी होती, तिच्यात पांढरीशुभ्र, मऊ पूड. तरीही मी आशा सोडली नाही. ती मऊ पूड एका पुडीत घेतली, तळातली चिमूट दुसऱ्या पुडीत, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळे जेवायला गेल्यावर शिकाऊ मुलांचं कपाट उघडलं.

रांगोळी म्हणजे कार्बोनेट, त्यावर ॲसिड पडलं की फसफसते. हाड जळून उरतं ते मुख्यतः फॉस्फेट. त्याला नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायचं, अमोनियम मॉलिब्डेट घालायचं, जरा गरम करायचं. फॉस्फेट असेल तर पिवळा साका बसतो. हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

बॅगेतल्या पुडीवर ॲसिड टाकलं, ती फसफसून उठली. बाल्कनीतल्या चिमटीवर टाकलं, ती गप्प राहिली. मी म्हणाले, थांब, अजून सिद्ध झालेलं नाही. मॉलिब्डेट घातलं. टेस्ट ट्यूब कोमट पाण्यात धरली. एक मिनिट काही झालं नाही आणि मी देवाला हात जोडले, जो मला एरवी आठवत नाही. मग द्रावण पिवळं झालं, आणि पिवळा साका हळूहळू तळाशी बसायला लागला.

माझ्या आईचं मला एवढंच दिसलं. मी ती ट्यूब धरून त्या कपाटासमोर खाली बसले आणि तोंडावर हात धरून रडले. तीच शेवटची चिमूट होती, तीही मी तपासण्यात घालवली. ती ट्यूब मला ओतवेना. बूच लावून मी ती माझ्या खणात ठेवली आहे, लॅबचे सगळे नियम मोडून.

बाबांना सांगायचं असं मी रोज ठरवत होते. पण ते रोज कॅलेंडरकडे बघत. धोतर धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं त्यांनी. अन्वीची केमीची, म्हणजे केमिस्ट्रीची, परीक्षा जवळ आली होती, तिच्या पुस्तकातही हेच होतं, कुठला आयन कसा ओळखायचा. बाबा तिला स्वयंपाकघरात बसवून अंड्याच्या टरफलावर व्हिनेगर घालून दाखवत, तिच्याकडून वहीत लिहून घेत. आठ महिन्यांनी त्यांना मी हसताना बघत होते. रुपेश म्हणाला, “नको सांगूस, खचतील ते.” निर्णय मात्र माझाच. पंधरा तारखेला बाबा आंघोळीला गेले असताना मी रांगोळीत अगरबत्तीची राख कालवली, रंग करडा केला, आणि आईच्या नावाची ती डबी भरून कुंडीमागे ठेवली. जर्नल मी पुन्हा तसंच लिहिलं होतं, कोरड्या टेस्ट ट्यूबवरून.

सोळाच्या सकाळी बाबा धोतर नेसून बाल्कनीत गेले. डबी दोन्ही हातांत घेऊन आत आले. झाकण उघडलं, नमस्कार केला आणि चिमटीत थोडी पूड घेतली. ती बोटांत चोळली. पुन्हा चोळली. चौतीस वर्षं पुडी हाताळलेली बोटं ती.

त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन बशीत व्हिनेगर ओतलं आणि चिमूट त्यात सोडली. अन्वी टेबलाशी टोस्ट खात होती, ती वाकून बघायला लागली.

“आजोबा, दास श्प्रुडेल्ट या!” ती ओरडली. “कार्बोनाट, ओडर?” हे फसफसतंय, म्हणजे कार्बोनेटच ना, असं.

बशीत बारीक बुडबुडे येत होते. मी दारात उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्यांनी बशी स्वतःकडे ओढली.

“हाडात थोडं कार्बोनेट असतंच, बाळा. जळल्यावरही राहतं.”

“गेनाऊ. श्राइब इश दास आउफ?” बरोबर, मग वहीत लिहू का, असं ती विचारत होती. वही समोरच होती.

“नाही,” बाबा म्हणाले. “हे लिहायचं नाही.”

भट्टीत जळलेलं हाड असं फसफसत नाही. हे मला माहीत होतं, आणि मला ते शिकवणाऱ्यालाही माहीत होतं.

पार्कइन्सेल नावाच्या काठावरच्या बागेत नदी पायाशी येते. रुपेशने त्यांचा दंड धरला होता. बाबांनी चपला काढल्या, त्या थंडीत, आणि दगडांवरून पाण्यापर्यंत गेले. डबी पाण्याला टेकवून हळूहळू तिरकी केली. करडा ओघळ जरा वेळ पाण्यावर दिसला आणि एक मालवाहू बोट गेली तिच्या लाटेत मोडून गेला. “प्रभा, ही बघ नदी,” ते म्हणाले. “गोठत नाही.” रांगोळीला हात जोडून ते तसेच उभे राहिले. माझ्यासाठी. मला त्या पाण्यात उतरावंसं वाटत होतं.

घरी परत आलो. रुपेश आणि अन्वी आत गेले. बाबा दाराबाहेरच थांबले, एका हातात रिकामी डबी, दुसरा हात कठड्यावर.

“बाबा, मी तुम्हाला...”

“दिवाळीला रांगोळी कुठे काढली होतीस?” त्यांनी मधेच विचारलं.

“इथेच.”

“कुठली?”

“आईची. अकरा ते सहा.”

“चांगली आली होती?”

“रेघ जाड आली.”

“येणारच,” ते म्हणाले. “मला जास्त बारीक करता आलं नाही.”

मी तिथेच पायरीवर बसले. कचऱ्याचा डबा, सोमवारची गाडी, सगळं सांगितलं, रडत, नाक पुसत, एकही गोष्ट न लपवता. ते ऐकत राहिले. माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, रागावलेही नाहीत. त्यांचेही गाल ओले झाले होते.

“सगळं पुसलंस?” त्यांनी विचारलं.

मी उंबऱ्याकडे बघितलं. चौकट आणि फरशीच्या मधल्या फटीत, डाव्या बाजूला, करडी रेघ होती, बोटभर लांबीची. फडकं तिथपर्यंत पोहोचलं नव्हतं. मी ती दाखवली.

कठडा धरून, गुडघे दाबत बाबा खाली बसले. चष्मा वर करून त्यांनी फटीजवळ तोंड नेलं. मला वाटलं ते ती उकरून काढतील, डबीत भरतील. त्यांनी फक्त बोट टेकवलं आणि कपाळाला लावलं.

“ती पार दारापर्यंत आली होती म्हणजे,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला हात मागितला, उठवायला. आत जाताना त्यांनी उजव्या बाजूने पाय टाकला. आता आम्ही सगळेच तसं जातो.