त्रुटी काढून पाठवावा

जव्हारच्या कार्यालयातून आलेल्या पत्रात एकच ओळ होती : ‘अहवाल, त्यातील प्रमाण त्रुटी काढून, पुन्हा सादर करावा.’ तंत्रनिकेतनात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या रोहिदास सरांना ती वाचून समाधान वाटले. कोणीतरी अहवाल नीट वाचला होता.

मोखाड्याच्या अंगणवाड्यांत खोडाळ्याच्या बचत गटाचा नागलीचा लाडू चालू ठेवायचा, की कारखान्यातले पोषण आहाराचे पाकीट आणायचे, हे सरांनी लिहिलेल्या त्या अहवालावर ठरणार होते. दोघांना समोरासमोर तोलणारा एकही अभ्यास नव्हता. दोघांचीही वेगवेगळी तुलना अंड्याच्या आहाराशी झालेली होती; त्यालाच मध्ये घालून हिशेब जुळवावा लागला होता. संगणकावरच्या ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रणालीने दोघांतले अंतर दिले, पण त्या अंतरावर विसंबायचे किती, तो प्रमाण त्रुटीचा रकाना रिकामाच सोडला होता. आता सरांनी ‘आर’ने साठवलेले अंदाजांचे चाळीस हजार नमुने उघडले, प्रत्येकात पाकिटाच्या आकड्यातून लाडवाचा आकडा वजा केला आणि त्या वजाबाक्या किती विखुरल्या आहेत, ते मोजले. तीन महिन्यांच्या वजनवाढीत पाकीट शंभर ग्रॅमने पुढे. प्रमाण त्रुटी एकशे नव्वद ग्रॅम. म्हणजे पुढे कोण, मागे कोण, काहीच ठरत नव्हते.

आठ दिवसांनी सर स्वतः कार्यालयात गेले. तिथल्या कारकून पुष्पलताने कपाळाला हात लावला.

“सर, त्रुटी काढा म्हटलं, तर तुम्ही अख्खा रकाना भरून आणलात!”

“काढूनच आणल्यात. एकेक हिशेबाने.”

“अहो, काढा म्हणजे काढून टाका. त्रुटी असलेला अहवाल वर जात नाही, म्हणाले साहेब.”

“बाई, ही चूक नव्हे. आपल्याला किती ठाऊक नाही, त्याचं हे माप आहे.”

“मग नाव त्रुटी कशाला ठेवलंत?” ती हसली, संगणकावर अहवाल उघडून रकाना निवडला आणि पुसायची कळ दाबली. पहिल्या पानावरची सरांची सही तेवढी राहिली.

सरांनी हरकतीचा अर्ज दिला. त्यावर आवक शिक्का बसला. पंधरवड्यात पाकिटाचा आदेश निघाला.

खोडाळ्याच्या बाजारात गटाच्या रंजनाने त्यांना गाठले.

“सर, आमचा लाडू कमी पडला म्हनं?”

“नाही, रंजना. तसं ठरलेलंच नाही.”

“मंग कागदात लिवायचं ना.”

“लिहिलं होतं.”

“मी धावी पास हाय, सर,” ती म्हणाली. “तुमच्या सहीचा कागद दोनदा वाचला. कुठंच नाय.”