बोटीची गाडी

वेल्समधल्या फिशगार्डला गाडी बोटीसाठी थांबते, हे हेलेदला पाऊल टाकायला यायच्या आधीपासून माहीत होतं. रूळ धक्क्यापाशीच संपतात. आयर्लंडची बोट लागली, माणसं उतरली, की मगच गाडी हलायची. त्याच भरवशावर तिने सगळं जुळवलं होतं. बोटीवर कामाला असलेला नवरा, एमिर, उतरेल, फलाटावरच सहा महिन्यांच्या मॅक्सनला कडेवर घेईल आणि ती कार्मार्थनला जाईल, नर्सिंगच्या मुलाखतीला. यापुढच्या गाडीने पोचेपर्यंत मुलाखती आटोपलेल्या असणार.

आणि बोट समोर दिसत होती. बंदराच्या बंधाऱ्याबाहेर, नाक वर-खाली करत. वारा आत येऊच देईना.

"दिसतेस तू मला," एमिर फोनवर म्हणाला. "लाल कोट ना?"

"मग हात लांब कर आणि घे पोराला."

"चिडतेस काय? वारा पडला की येतोच."

"लग्न झाल्यापासून वाराच ऐकतेय तुझा!"

मागे चढाचा डोंगर, पुढे समुद्र. सासू आयर्लंडात, शेजारीण कामावर. अख्खं जग या गावातून ये-जा करतं आणि आपण बाबागाडीचा दांडा धरून उभ्या.

गाडीचा गार्ड, गाडीवाला इद्रिस, शिटी चाचपत आला. गावात त्याला दुसरं नावच नव्हतं.

"पोरी, सोडावी लागणार आता."

"बोटीशिवाय? काका, कधी सोडलीय का?"

"वरून हुकूम आलाय. रिकामी तर रिकामी ने म्हणे."

"अगदीच रिकामी?"

"एक पाद्रीबुवा आहेत. तेही घोरतायत."

मॅक्सन तिच्या कोटाचं बटण चोखत होता. हेलेदने बोटीकडे पाहिलं, मग बाबागाडीचा ब्रेक काढला.

"पुढची चाकं उचला, काका."

"याला घेऊन? मुलाखतीला?"

"उचला म्हणते ना!"

ती जागेवर टेकते न टेकते तोच फोन वाजला. "हेलेद, कुठे गेलीस? दिसत नाहीयेस."

"गाडीत आहे."

"आणि पोरगं?"

"तेही."

पलीकडे वारा घोंघावत होता. त्यातूनच एमिर म्हणाला, "टोपी नीट घाल त्याला."

गाडी हलली. बोट होती तिथेच, खिडकीतून मागे मागे जात राहिली. मॅक्सनने इस्त्रीच्या पांढऱ्या ब्लाउजवर दूध ओकलं. तिने रुमालाने पुसलं; डाग राहिलाच.

"हे बघ," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "रुग्ण सांभाळता येतील का, असं विचारतील ते मला. तेवढ्यापुरता तरी झोप हं, राजा."