पाठ सरळ आहे का

सूनबाईने योगा सुरू केला तो माझ्या खोलीत, कारण घरात अंग पसरायला जागा तेवढीच. खिडकीशी माझी खाट, समोर कपाट आणि मध्ये तिची निळी चटई. मला विचारलं होतं, नाही असं नाही. पण पक्षाघाताने डावं अंग गेलेली बाई नको म्हणाली, तर तिला विचारतो कोण?

मी तीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात चेकर होते. शिवण एक सूत हलली तरी पीस बाजूला काढायचा, मग शिवणारी रडो नाहीतर पाया पडो. पोरी मला पाठीमागे खडूस म्हणायच्या. ते कानावर आलं की मला बरंच वाटायचं.

तर ही रोज सकाळी सहाला चटई अंथरायची आणि मोबाईल कपाटाला टेकवून ठेवायची. त्यात एक बाई गोड आवाजात सूचना द्यायची. पहिले आठ दिवस मी मनसोक्त हसून घेतलं. म्हटलं, आरंभशूर आहे, पंधरवड्यात चटई माळ्यावर जाईल. कसलं काय. महिना झाला तरी बया उठतेच आहे. एकदा अंगात ताप होता, तरी दहा मिनिटं नुसता श्वास घेत बसली.

"कशाला एवढा आटापिटा?" मी विचारलं.

"मणक्यातली गादी सरकायला लागलीये आई. डॉक्टर म्हणाले, पाठ मजबूत करा, नाहीतर सासूबाईंना उचलणं बंद करा."

दिवसातून सहा वेळा ती मला उचलायची. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत. म्हणजे हा सगळा खटाटोप माझ्यासाठी म्हणे. मी काय दूधखुळी आहे?

त्याच आठवड्यात तिच्या जुन्या दुकानातून फोन आला होता, पुन्हा कामावर येता का म्हणून. "पाठ बरी झाली की बघू," असं ती माझ्या मुलाला सांगत होती, आणि आमच्या भिंती काही जाड नाहीत. ती कामाला लागली की माझी रवानगी कुठे होणार, हे मला कुणी सांगायला नको. वृद्धाश्रमाचा कागद मुलाने मागच्याच वर्षी आणला होता. तेव्हा हीच म्हणाली होती, मी आहे ना. पण तेव्हा फोन आला नव्हता.

त्या योगात एक प्रकार होता, पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकायचं. मोबाईलमधली बाई रोज बजावायची, पाठ गोल झाली की तिथेच थांबा, मणक्याला इजा होईल. पण डोकं खाली गेलं की हिला ना मोबाईल दिसायचा, ना स्वतःची पाठ.

"आई, पाठ सरळ आहे का बघा ना. तुमची नजर चांगली आहे."

पाठ गोल होती, पालथ्या टोपलीसारखी.

"सरळ आहे," मी म्हणाले. "जा अजून खाली."

तीस वर्षांत मी एक खराब पीस पास केला नव्हता. आता रोज करायला लागले. तिची पाठ मोडावी असं माझ्या मनात नव्हतं, एवढी काही मी राक्षसीण नाही. जरा जास्त दुखेल, कंटाळेल, दुकान डोक्यातून जाईल, एवढंच.

"आई, हल्ली फार दुखतंय. काही चुकतंय का माझं?"

"सुरुवातीला दुखणारच. अंगचोरपणा करू नकोस."

"बरंय तुम्ही आहात. एकटीला कळलंच नसतं," ती म्हणाली, आणि आणखी वाकली.

तीन आठवड्यांनी ती अशीच खाली गेली ती वर आलीच नाही. कुशीवर कलंडली. ओरडली नाही, नुसती म्हणाली, "आई, ह्यांना हाक मारा, पाय हलत नाहीये." मी आधी म्हणाले, नाटकं पुरे, ऊठ. मग तिचा चेहरा पाहिला आणि हाक मारली.

डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. सहा महिने अंथरूण, आणि वजन उचलणं जन्मभर बंद. मुलगा माझ्या खाटेशी येऊन बसला.

"ती म्हणते, तू रोज बघत होतीस."

"बघत होते की."

"मग दिसलं नाही तुला?"

"वय झालं रे. डोळे गेले आता."

आदल्याच दिवशी मी त्याच्या बाहीची उसवलेली टीप खोलीच्या ह्या टोकावरून दाखवली होती. तो उठला. मग फोन लावायला बाहेर गेला.

सोमवारी आश्रमाची दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन आली. एकाने माझ्या डाव्या काखेत हात घातला तशी मी कळवळले. ते पलीकडच्या खोलीत तिला ऐकू गेलं.

"अहो दादा," ती झोपल्या जागेवरून सांगू लागली, "तिथे धरू नका, खांदा निखळतो त्यांचा. कमरेला धरा. आणि उचलायच्या आधी विचारा, एकदम उचललं की घाबरतात त्या."

तिने शिव्याशाप दिले असते तर मी चार परत दिले असते, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण हिने माझा खांदा सांभाळला. लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही उपयोगाची नाही.

त्या माणसाने हात काढला, कमरेला धरलं आणि विचारलं, "उचलू का आजी?"

मी हो म्हणाले.